अमेरिकेतलं मेडिकल कॉलेज आणि सेमिस्टरचा भार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत बारावीनंतर थेट डॉक्टरकीचं शिक्षण सुरू होत नाही. आधी चार वर्षांची पदवी आणि मग मेडिकल कॉलेज असा रस्ता आहे. 'नीट'सारखी एकच परीक्षा सगळं ठरवत नाही. पदवीच्या प्रत्येक सेमिस्टरचा प्रत्येक विषय, त्याचे क्रेडिट आणि ग्रेड अर्जासोबत जातात. त्यामुळे 'या टर्मला किती विषय घेऊ?' हा प्रश्न पहिल्याच ऑगस्टमध्ये समोर येतो, आणि तिथे केलेली घाई तिसऱ्या वर्षी निस्तरावी लागते. इथले प्रश्न विद्यार्थी आणि पालक दोघांचेही आहेत. उत्तरं एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे जागोजागी दुसऱ्या प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. किती क्रेडिट म्हणजे 'फुल टाइम'? आणि सर्वसाधारणपणे किती घेतात?

सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात १२ क्रेडिट म्हणजे फुल टाइम. पदवीला साधारण १२० लागतात आणि चार वर्षांत आठ सेमिस्टर होतात, म्हणजे सरासरी १५. दर सेमिस्टरला १२ वर थांबलात तर ९६ च भरतात. उरलेले २४ मग एपीतून (हायस्कूलमध्येच दिलेल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांतून), उन्हाळी वर्गांतून किंवा नवव्या सेमिस्टरमध्ये काढावे लागतात. १८ च्या वर जायचं तर बहुतेक ठिकाणी सल्लागाराची सही लागते, कुठे कुठे जादा फीही पडते.

एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास असा हिशोब धरलेला असतो. म्हणजे १५ क्रेडिट हीच ४५ तासांची नोकरी झाली. लॅबला मात्र हा हिशोब अजिबात लागू पडत नाही (प्रश्न ५).

२. प्रवेश समिती क्रेडिट मोजते का? १२ म्हणजे हलकं आणि १८ म्हणजे हुशार, असं काही असतं का?

असं सूत्र कुठेही नाही. पण भार दिसतो, हेही खरं. एमडीच्या (अमेरिकेत ही डॉक्टरकीची मूळ पदवी) अर्जात, म्हणजे ॲमकॅस या सामाईक अर्जात, प्रत्येक विषय कोणत्या वर्षी, कोणत्या टर्मला, किती क्रेडिटचा आणि कोणत्या ग्रेडने पास झाला हे ओळीओळीने भरावं लागतं, आणि ते ट्रान्स्क्रिप्टशी पडताळलं जातं. वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं की ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या सेमिस्टरला सोबत काय होतं.

१४ ते १६ क्रेडिटकडे कोणी वळूनही बघत नाही. १८ घेऊन सगळीकडे ए मिळाले तर चांगलंच, पण त्याचं वजन लोकांना वाटतं त्याहून बरंच कमी आहे. १८ घेऊन बी आले, तर 'बिचाऱ्याने जास्त विषय घेतले होते' म्हणून कोणी गुण वाढवून देत नाही. कारण सरळ आहे: अनेक कॉलेजं आलेले अर्ज आधी जीपीए (ए म्हणजे ४, बी ३, सी २ अशी क्रेडिटनुसार काढलेली ग्रेडची सरासरी) आणि एमकॅट या मेडिकल प्रवेशपरीक्षेच्या आकड्यांवर चाळतात, आणि त्या आकड्यांत भार कुठेच लिहिलेला नसतो. एमडी कॉलेजांकडे वर्षाला साधारण ५२ हजार अर्जदार येतात आणि सुमारे २३ हजारांना जागा मिळते. जागा मिळालेल्यांचा सरासरी जीपीए अलीकडे ३.८ च्या आसपास आणि एमकॅट ५११ ते ५१२ च्या दरम्यान आहे. १९ क्रेडिटने कमावलेला ३.५ या चाळणीतून १५ क्रेडिटच्या ३.८ इतका सहज पार होत नाही.

दुसऱ्या टोकालाही धोका आहे. आठही सेमिस्टर बारा-बारा क्रेडिट आणि प्रत्येक वेळी एकच विज्ञान विषय असं ट्रान्स्क्रिप्ट असेल, तर वाचणारा विचारणारच: मेडिकलच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास याला झेपेल कशावरून? समिती भाराकडे बघते ती यासाठी. म्हणून निदान दोन-तीन सेमिस्टर तरी अशी हवीत, ज्यांत दोन विज्ञान विषय लॅबसकट एकत्र आहेत आणि ग्रेडही उत्तम आहेत. तेवढा पुरावा पुरतो.

३. जीपीए दोन असतात म्हणे. भाराशी त्याचा काय संबंध?

एक एकूण जीपीए, आणि दुसरा फक्त बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ्स या चारांचा. त्याला बीसीपीएम म्हणतात. स्टॅटिस्टिक्स मॅथ्समध्ये धरतात, न्यूरोसायन्स बायोलॉजीत. सायकॉलॉजी मात्र बीसीपीएममध्ये येत नाही.

दुसऱ्या जीपीएचा पाया लहान असतो, म्हणून त्याला धक्का मोठा बसतो. चार क्रेडिटच्या विषयात ए ऐवजी सी आला की आठ गुणांक गेले. एकूण १२० क्रेडिटमध्ये ही घट जेमतेम ०.०७ ची, पण बीसीपीएमचे ४० क्रेडिट असतील तर सरळ ०.२ ची. भार वाढवल्यावर घसरतात ते बहुतेक विज्ञानाचेच विषय, म्हणजे नुकसान नेमकं नको तिथे होतं.

प्रत्येक अर्ज-यंत्रणेचा हिशोब वेगळा आहे. ॲमकॅसमध्ये ए-मायनस ३.७ आणि ए-प्लसही ४.० च. डीओ (ऑस्टिओपॅथी, डॉक्टर होण्याचा एमडीसारखाच दुसरा मार्ग) कॉलेजांच्या ॲकोमासमध्ये विज्ञानाच्या जीपीएत मॅथ्स नसतं. टेक्ससच्या टीएमडीएसएएसमध्ये प्लस-मायनस धरतच नाहीत: ए-मायनसचा ४.०, पण बी-प्लसचाही सरळ ३.०.

४. मुलगी हायस्कूलमध्ये अव्वल होती, दहा एपी केले. पहिल्याच सेमिस्टरला १८ क्रेडिट घेतले तर काय बिघडलं?

सगळ्यात जास्त अर्ज जायबंदी होतात ते इथेच. नवं गाव, नवी खोली, कर्व्हवर मिळणारे ग्रेड, वर्गात तिच्याइतकीच हुशार दोनशे मुलं. आणि अभ्यासाची पद्धत बदलायला हवी हे पहिली मिडटर्म हाती येईपर्यंत कळत नाही.

पहिल्या सेमिस्टरला १४-१५ पुरे. जनरल केमिस्ट्री लॅबसकट ४, कॅल्क्युलस किंवा स्टॅटिस्टिक्स ३-४, लेखनाचा विषय ३, आवडीचा एखादा विषय ३, आणि हवं तर फर्स्ट-इयर सेमिनार १. बायोलॉजी मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, असेल तर आवडीच्या विषयाऐवजी बायोलॉजी येते. मग लेखन दुसऱ्या सेमिस्टरला ढकला.

सुरुवातीचं नुकसान भरून निघायला किती लागतं ते आकड्यांत बघा. दोन वर्षांत ६० क्रेडिटवर ३.४ असेल आणि पुढचे सगळे ६० क्रेडिट निर्भेळ ४.० ने केले, तर १२० वर ३.७ होतो. हेच ९० क्रेडिटवर ३.४ असताना जाग आली तर शेवटचं वर्ष पूर्ण ४.० काढूनही ३.५५ वरच थांबावं लागतं. चढता आलेख समितीला आवडतो हे खरं, पण आलेख चढता दिसावा म्हणून खालून सुरुवात करण्यात काहीच शहाणपण नाही.

५. लॅबला तर एकच क्रेडिट असतं. मग ती हलकीच ना?

उलट. कागदावर १ आणि घड्याळात ८ अशी तिची तऱ्हा असते. ऑरगॅनिकच्या लॅबचा एक आठवडा घ्या. आदल्या रात्री वहीत प्रयोगाचा उद्देश, अभिक्रिया, आणि प्रत्येक रसायनाचा रेणुभार, उत्कलनबिंदू, धोके आणि घ्यायचं प्रमाण यांचा तक्ता. दारातच दहा मिनिटांची क्विझ. मग तीन-चार तास उभं राहून रिफ्लक्स, एक्स्ट्रॅक्शन, गाळणं, वाळवणं. उत्पादन कमी आलं तर ते का, हे शोधणं. घरी येऊन आयआर आणि एनएमआरचे आलेख वाचून रिपोर्ट. हे सगळं धरून आठवड्याचे सात-आठ तास सहज जातात.

म्हणून भार ठरवताना क्रेडिटच्या बेरजेआधी लॅब मोजा. एका सेमिस्टरला दोन लॅब ही बहुतेकांची मर्यादा. तीन लॅबचं सेमिस्टर घ्यायचंच असेल तर आधी दोन लॅबच्या सेमिस्टरमध्ये ए मिळालेले असावेत, आणि त्या टर्मला एमकॅट, नवी नोकरी किंवा संशोधनाची सुरुवात नसावी.

६. कोणते विषय एकत्र घेऊ नयेत? आणि क्रम कसा लावायचा?

एमडीसाठी सर्वसाधारणपणे लागतं ते असं: बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक आणि फिजिक्स प्रत्येकी एक वर्ष लॅबसह, बायोकेमिस्ट्री एक सेमिस्टर, इंग्रजी-लेखन एक वर्ष, मॅथ्स किंवा स्टॅटिस्टिक्स. एमकॅटसाठी वरून सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजीची प्राथमिक ओळख. प्रत्येक कॉलेजच्या अटी थोड्या वेगळ्या असतात. एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमएसएआर या यादीत त्या कॉलेजवार बघता येतात.

यातली केमिस्ट्रीची साखळी मोडता येत नाही. जनरल १, जनरल २, ऑरगॅनिक १, ऑरगॅनिक २, मग बायोकेमिस्ट्री: एकामागे एक पाच सेमिस्टर. तिसऱ्या वर्षाच्या एप्रिलमध्ये एमकॅट द्यायची तर बायोकेमिस्ट्री त्याआधीच्या फॉलला (ऑगस्टमध्ये सुरू होणारं सेमिस्टर), ऑरगॅनिक दुसऱ्या वर्षी आणि जनरल केमिस्ट्री पहिल्याच फॉलला. एकही सेमिस्टर मोकळं नाही. पहिल्या फॉलला जनरल केमिस्ट्री राहून गेली की पुढे एकतर उन्हाळ्यात ऑरगॅनिक, नाहीतर एक वर्ष उशिरा अर्ज. भारी सेमिस्टर बहुतेक वेळा महत्त्वाकांक्षेतून येत नाहीत, सुटलेल्या या एका कडीतून येतात.

दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक आणि फिजिक्स ही जोडी बरेच जण घेतात आणि ती जमते. अट एवढीच की उरलेले दोन विषय निबंध-वाचनाचे, बिनलॅबचे असावेत. ऑरगॅनिक, फिजिक्स आणि वरच्या पातळीची बायोलॉजी, तिन्ही लॅबसकट, हे त्रिकूट टाळा. तिन्हींच्या मिडटर्म बहुधा एकाच आठवड्यात पडतात. फिजिक्स बीजगणितावर आधारलेलं चालतं. कॅल्क्युलसवाल्याची सक्ती फार थोड्या ठिकाणी आहे. इंजिनिअरिंग मेजर नसेल तर उगाच अवघड वाट धरू नका.

७. एमकॅटच्या सेमिस्टरला किती क्रेडिट ठेवावेत?

१२ ते १३, आणि त्यात जास्तीत जास्त एक लॅब. परीक्षेचा दिवस साडेसात तासांचा असतो, गुण ४७२ ते ५२८ मध्ये मिळतात, आणि तयारीला ३०० तास बाजूला काढायला हवेत. १२ आठवड्यांत ते बसवायचे तर आठवड्याला २५ तास होतात, म्हणजे जवळजवळ दोन जादा विषय. ते तास १६ क्रेडिटच्या वर ठेवले की एकतर एमकॅट पडते किंवा ग्रेड.

ज्यांना हलकं सेमिस्टर परवडत नाही (शिष्यवृत्तीला १५ ची अट असते, कधी पदवी लांबण्याची भीती असते), त्यांनी हिवाळी सुट्टीत तयारी करून जानेवारीची तारीख घ्यावी, किंवा उन्हाळ्यात परीक्षा देऊन अर्ज पुढच्या वर्षावर टाकावा. 'एकदा देऊन बघू' असं करू नका. वर्षात तीन, दोन वर्षांत चार आणि आयुष्यात सात अशी प्रयत्नांची मर्यादा आहे, आणि आधीचे गुण कॉलेजांना दिसतात.

८. विषय झेपत नाहीये. सोडला तर डब्ल्यू येईल. तो किती वाईट?

आधी दोन तारखा वेगळ्या करा. ॲड-ड्रॉपच्या मुदतीत, म्हणजे साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांत, विषय काढला तर ट्रान्स्क्रिप्टवर खूणही राहत नाही. त्यानंतर विथड्रॉची शेवटची तारीख येईपर्यंत काढला तर डब्ल्यू. तीही चुकली तर मिळेल तो ग्रेड.

डब्ल्यू जीपीएत धरत नाहीत, पण अर्जात तो विषय लिहावाच लागतो. चार वर्षांत एक-दोन असतील तर कोणी विचारत नाही. दर सेमिस्टरला एक असेल, किंवा तीन वेळा ऑरगॅनिकवरच असेल, तर विचारतात. सी-मायनस आणि डब्ल्यू यांत निवड असेल तर डब्ल्यू घ्या. बी आणि डब्ल्यू यांत असेल तर बी. बी-मायनसला घाबरून विषय सोडणारी मुलं पुष्कळ दिसतात, आणि ते बहुतेक वेळा नुकसानीचं ठरतं. डब्ल्यूएफ हा वेगळा प्राणी आहे: कॉलेज त्याला नापास धरत असेल तर अर्जातही तो एफ म्हणूनच मोजला जातो.

सोडण्याआधी चार ठिकाणी विचारा. उरलेले क्रेडिट १२ च्या खाली जातात का, हे रजिस्ट्रारकडे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर आधी इंटरनॅशनल ऑफिसला (प्रश्न १७). फेडरल मदत घेत असाल तर फायनान्शियल एडकडे, कारण घेतलेल्यांपैकी साधारण ६७ टक्के क्रेडिट पूर्ण करण्याची अट असते आणि डब्ल्यू 'घेतलेल्यां'त मोजतात. आणि तो विषय पुन्हा कधी शिकवला जातो, हे त्या विभागात. काही विषय वर्षातून एकदाच असतात.

९. ऑरगॅनिकमध्ये सी आला. पुन्हा घेऊ का?

साधा सी असेल तर बहुधा नको. बहुतेक कॉलेजं पूर्वअटीच्या विषयांना सी किंवा वर मागतात. सी-मायनस, डी, एफ असेल तर घ्यावाच लागतो. पण जुना ग्रेड पुसला जात नाही. ॲमकॅस दोन्ही प्रयत्न धरून सरासरी काढतं. डीओची ॲकोमास पूर्वी नवाच ग्रेड धरायची, ते २०१७ मध्ये बंद झालं. तुमच्या कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर 'रिप्लेस' झालेला दिसत असला तरी अर्जात तो पुन्हा जिवंत होतो.

साध्या सीला उत्तम उत्तर म्हणजे बायोकेमिस्ट्रीत ए. तेवढेच कष्ट, आणि पुढची पायरी चढल्याचा पुरावा.

१०. भार हलका करायला पास-फेलचा पर्याय वापरू का?

पूर्वअटीच्या विषयांना नको. २०२० च्या वसंतात करोनामुळे कॉलेजांनी सवलत दिली होती, ती तेव्हापुरती. आवडीच्या, अर्जाशी संबंध नसलेल्या एखाद्या विषयाला खुशाल वापरा.

११. एपीचे ३० क्रेडिट आहेत. मग विषय वगळून वरचे घ्यायचे का?

एपीचे क्रेडिट मोकळीक देतात. ती वरचे विषय कोंबायला वापरायची की सेमिस्टर १३-१४ वर ठेवायला, हे तुमच्या हातात आहे. एपीला ग्रेड नसल्यामुळे जीपीएला त्याचा उपयोग शून्य. अनेक कॉलेजं एपी स्वीकारतात, पण तो पदवीच्या ट्रान्स्क्रिप्टवर नोंदलेला हवा, आणि काही जण म्हणतात की त्याच विषयातलं वरचं काहीतरी घ्या.

एपी कॅल्क्युलस आणि एपी फिजिक्सचा फायदा घेण्यात फारसा धोका नाही. एपी बायोलॉजीवर विसंबून थेट जेनेटिक्स घेता येतं. एपी केमिस्ट्रीत ५ मिळाले म्हणून पहिल्याच फॉलला ऑरगॅनिकमध्ये बसणं मात्र जोखमीचं. तिथली बरीच मुलं दुसऱ्या वर्षाची असतात आणि त्यांना कॉलेजची परीक्षा कशी असते हे ठाऊक झालेलं असतं.

१२. उन्हाळ्यात किंवा कम्युनिटी कॉलेजात अवघड विषय उरकले तर?

चालतं, पण एखादाच, आणि शक्यतो लेखन, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, फारतर फिजिक्स. ग्रेड सगळीकडचे धरले जातात. फॉल-स्प्रिंगला हलकं ठेवून ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्री दोन्ही बाहेर केलं, तर ती पळवाट म्हणून वाचली जाते. ज्यांनी मुळात कम्युनिटी कॉलेजातून सुरुवात करून चार वर्षांच्या कॉलेजात बदली घेतली, त्यांचं वेगळं. त्यांनी नव्या ठिकाणी दोन-तीन वरचे विज्ञान विषय चांगल्या ग्रेडने करून दाखवले की शंका फिटते.

उन्हाळी ऑरगॅनिकमध्ये पूर्ण वर्ष आठ ते दहा आठवड्यांत संपवतात. ते घेणार असाल तर त्या उन्हाळ्यात दुसरं काहीही नको.

१३. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजचे विषय घेतले होते. ते सोडून देता येतील ना?

नाही. कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर आलेला प्रत्येक ग्रेड अर्जात जातो आणि जीपीएत धरला जातो, वय १६ असलं तरी. दहावी-अकरावीच्या मुलांना 'फुकट क्रेडिट' म्हणून ड्युअल एन्रोलमेंटला घालणाऱ्या पालकांनी हे आधी वाचावं. तिथला बी डॉक्टरकीच्या अर्जापर्यंत सोबत येतो.

१४. दोन मेजर किंवा अवघड मेजर घेतलं तर वजन वाढतं का?

नाही. मेजर कोणतंही चालतं. पूर्वअटीचे विषय पूर्ण हवेत. इंजिनिअरिंगमध्ये १७-१८ क्रेडिटची सेमिस्टर अभ्यासक्रमातच बांधलेली असतात आणि वाचणाऱ्याला ते माहीत असतं, पण जीपीएच्या चाळणीत त्याची सूट अगदी थोडी मिळते. दुसरं मेजर आवडत असेल तरच घ्या.

१५. संशोधन, क्लिनिकल तास, नोकरी हे सगळं सांभाळून भार किती?

याला भारातच धरा. ॲमकॅसमध्ये १५ उपक्रमांची जागा असते आणि प्रत्येकाचे तास लिहावे लागतात. ९ तासांचं संशोधन म्हणजे कामाच्या हिशोबाने तीन क्रेडिट. आठवड्याला २० तास नोकरी करून १२-१३ क्रेडिट घेणाऱ्याचं सेमिस्टर हलकं नसतं, आणि समितीही तसं धरत नाही. फक्त ती नोकरी अर्जात तासांसकट लिहिलेली हवी. घर चालवायला किराणा दुकानात किंवा मोटेलच्या काउंटरवर केलेलं काम 'वैद्यकीय नाही' म्हणून गाळणारी मुलं आहेत. गाळू नका. तुमच्या १२ क्रेडिटचं खरं उत्तर तेच आहे.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. १८ क्रेडिट, ३.९५ आणि दवाखान्यात रुग्णांसोबत घालवलेले तास नगण्य, हा अर्ज कमकुवत आहे. ते तीन जादा क्रेडिट दर शनिवारी हॉस्पिटलमध्ये गेले असते तर जास्त कामी आले असते.

१६. तीन वर्षांत पदवी संपवता येतेय. संपवू का?

पैशांची खरी अडचण असेल तर विचार करा, घाई म्हणून नको. सलग जायचं तर अर्ज दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, जूनमध्ये भरावा लागतो. तेव्हा हाती चारच सेमिस्टरचे ग्रेड असतात, बायोकेमिस्ट्री बहुधा झालेली नसते आणि शिफारसपत्रं देणारे प्राध्यापक तुम्हाला जेमतेम ओळखतात. अलीकडे प्रवेश मिळालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जण पदवीनंतर एखादं वर्ष थांबून आलेले असतात. तीन वर्षांत पदवी आणि मग एक-दोन वर्षं नोकरी करून अर्ज, हे मात्र छान जमतं.

कॅलिफोर्नियातल्यांसाठी जोड: यूसीमध्ये (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) बर्कली आणि मर्सेड सोडून बाकी ठिकाणी क्वार्टर पद्धत आहे. १८० युनिटची पदवी, दहा आठवड्यांची टर्म. पाच क्वार्टर युनिट म्हणजे ३.३ सेमिस्टर क्रेडिट. ऑरगॅनिकचं किंवा फिजिक्सचं 'एक वर्ष' म्हणजे तीन क्वार्टर; दोनच करून बदली घेतली की पूर्वअट अर्धवट राहते. टर्म आखूड असल्यामुळे दोन लॅबची मर्यादा (प्रश्न ५) इथे आणखी कडक पाळा.

१७. पुण्याहून एफ-१ वर आलोय. एक सेमिस्टर ९ क्रेडिट केलं तर?

तुमच्या बाबतीत १२ ही व्हिसाची अट आहे. इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओ या अधिकाऱ्याची आधी परवानगी न घेता खाली गेलात तर दर्जा जातो. नंतर पत्र आणून उपयोग नाही. परवानगी मोजक्या कारणांना मिळते. आजारपणात डॉक्टरच्या पत्रावर, एका पदवीत एकूण १२ महिन्यांपर्यंत. सुरुवातीच्या शैक्षणिक अडचणीला एकदाच, आणि तेव्हाही निदान ६ क्रेडिट. शेवटच्या सेमिस्टरला पदवीपुरतेच थोडे विषय उरले असतील तेव्हा. ऑनलाइन विषयांपैकी एकच, म्हणजे तीन क्रेडिटपर्यंतचाच, या १२ मध्ये धरतात. त्यामुळे टर्म सुरू करतानाच १५-१६ घ्या, म्हणजे तीन क्रेडिटचा एक विषय सोडावा लागला तरी १२ च्या खाली जाणार नाही.

एच-४ वरच्या, म्हणजे पालकांच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून असलेल्या मुलांना ही अट नाही. पण २१ पूर्ण होण्याआधी एफ-१ वर जावं लागलं की त्या दिवसापासून लागू होते, आणि हे नेमकं तिसऱ्या वर्षी, एमकॅटच्या हलक्या सेमिस्टरला येतं. वाढदिवस आणि प्रश्न ७ मधलं वेळापत्रक एकाच कागदावर मांडा. शिवाय ग्रीन कार्ड नसलेल्यांना अनेक एमडी कॉलेजं घेतच नाहीत, आणि घेतात त्यांतली काही जण फीची मोठी रक्कम आगाऊ अडकवून ठेवायला सांगतात. एमएसएआरमध्ये आधी हाच रकाना बघा.

१८. आजारपणामुळे एक सेमिस्टर पूर्ण बुडालं. अर्जात कसं सांगायचं?

पूर्ण टर्मच सोडलेली असेल तर एका ओळीत चार डब्ल्यू दिसतात, आणि ते एखाद्या कोलमडलेल्या टर्मपेक्षा कितीतरी सोपं वाचलं जातं. कारण दोन-तीन वाक्यांत, सेकंडरी अर्जात (ॲमकॅसनंतर प्रत्येक कॉलेज स्वतंत्रपणे मागवतं तो) जिथे विचारतात तिथे लिहा: काय झालं, कधी सावरलं, पुढच्या टर्मला किती क्रेडिट आणि कोणते ग्रेड. निदानाचा तपशील देण्याची गरज नाही. परतल्यावर पहिलं सेमिस्टर १२-१३ चं आणि दुसरं १५ चं, असा क्रम ठेवा. दीर्घ आजार असेल तर कॉलेजच्या डिसॅबिलिटी ऑफिसकडून कमी भाराची सवलत मागता येते.

१९. भारतात बी.एस्सी. झालंय. इथे किती क्रेडिट करावे लागतील?

ॲमकॅस परदेशी ट्रान्स्क्रिप्ट पडताळत नाही आणि तिथले गुण जीपीएत धरत नाही. मुंबई किंवा पुणे विद्यापीठातली पहिली श्रेणी त्या रकान्यात दिसतच नाही. अनेक कॉलेजं अमेरिकेत किंवा कॅनडात केलेलं निदान काही शिक्षण मागतात. टेक्ससमध्ये ही अट ९० क्रेडिटची आहे. पदवीच्या पातळीवरचे पोस्ट-बॅक (पदवी झाल्यावर पुन्हा घेतलेले) विषय पदवीच्याच जीपीएत येतात. मास्टर्सचे ग्रेड वेगळ्या रकान्यात. म्हणून जीपीए उभा करायचा असेल तर मास्टर्सपेक्षा पोस्ट-बॅक.

इथे भाराला इतरांपेक्षा जास्त महत्त्व येतं, कारण समितीसमोर तुमचा दुसरा काही पुरावा नसतो. एकेक विषय संध्याकाळी करत पाच वर्षं काढण्यापेक्षा दोन सेमिस्टर पूर्ण वेळ, दोन लॅबसह केलेली जास्त बोलकी. पहिला अर्ज भरण्याआधी ज्या कॉलेजांचा विचार आहे त्या प्रत्येकाला ईमेल करून विचारा: परदेशी पदवी चालेल का, इथले किती क्रेडिट हवेत, आणि त्यांत कोणते विषय. उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा.

२०. पंधरा वर्षांपूर्वीचे खराब ग्रेड आहेत. ते कधीच जात नाहीत का?

ॲमकॅसमध्ये नाही. टेक्ससमध्ये मात्र 'ॲकॅडेमिक फ्रेश स्टार्ट' आहे: राज्याच्या रहिवाशाने सरकारी कॉलेजात प्रवेश घेतानाच तो मागितला, तर दहा वर्षं किंवा त्याहून जुने सगळे क्रेडिट बाजूला ठेवतात, आणि टीएमडीएसएएसही ते मानते. पण निवडून चालत नाही. खराब ग्रेडसोबत त्या काळातले चांगलेही जातात, आणि पूर्वअटीचे विषय पुन्हा करावे लागतात. त्यामुळे किती क्रेडिट नव्याने उभे करावे लागतील याची यादी रजिस्ट्रारसोबत बसून आधी करा, मग फॉर्म भरा.